गिअर हातानं नाही, कानानं पडतो

होस्टेलवर काही वाद अमर असतात. मेसची पोळी कच्ची असते की करपलेली, मेकॅनिकल भारी की कॉम्प्युटर, आणि जेवणानंतर कट्ट्यावर हमखास निघणारा तिसरा वाद म्हणजे 'गाडी कोण जास्त भारी चालवतो'. या तिसर्‍या वादात निकालाची एकच कसोटी असते : गिअर कोण जास्त फास्ट टाकतो. "अरे, तो फाडफाड गिअर टाकतो, हात दिसत नाही त्याचा!" असं कोणी म्हणालं की पुढचे दोन दिवस तो मुलगा विंगचा हीरो.

माझं मत यापेक्षा वेगळं आहे आणि ते कट्ट्यावर मांडायला गेलं की पहिल्या दोन वाक्यांनंतर कोणी ऐकत नाही. म्हणून संपादकांनी जागा दिली आहे तोवर इथे मांडतो. गिअर फास्ट टाकण्यात हाताचा वाटा सगळ्यात कमी असतो. त्यात पायाचा वाटा मोठा, कानाचा त्याहून मोठा आणि डोक्याचा सर्वांत मोठा. ज्याला हे कळलं तो स्पोर्ट्स कार चालवू शकतो. ज्याला नाही कळलं तो फक्त गिअरबॉक्स फोडू शकतो, आणि नशीब खराब असेल तर स्वतःला किंवा दुसर्‍याला.

आधी थोडं गणित करू. घाबरू नका, टीओएमच्या पेपरसारखं नाही.

समजा एका गाडीचे गिअर रेशो असे आहेत : पहिला ३.३, दुसरा १.९, तिसरा १.३, चौथा १.० आणि पाचवा ०.८. दुसर्‍या गिअरमध्ये इंजिन ६००० आरपीएमवर ओरडतंय आणि तुम्हाला तिसरा टाकायचाय. गाडीचा वेग त्या क्षणात फारसा बदलत नाही. म्हणजे तिसर्‍या गिअरमध्ये इंजिनाचा आरपीएम किती हवा? ६००० गुणिले १.३ भागिले १.९, म्हणजे सुमारे ४१००. तुमचा हात कितीही चपळ असो, मधले १९०० आरपीएम कुठेतरी उतरावेच लागतात. इंजिनाला फ्लायव्हील आहे, त्याला जडत्व आहे, ते तुमच्या हाताच्या घाईला भीक घालत नाही.

आता उलटं करा. तिसर्‍यात ४००० वर आहात आणि वळणाआधी दुसरा टाकायचाय. आता इंजिन हवं सुमारे ५८५० वर. म्हणजे खाली येताना आरपीएम वाढवावा लागतो. गिअर बदलणं म्हणजे लिव्हर इकडून तिकडे करणं नव्हे. दोन वेगवेगळ्या वेगानं फिरणार्‍या वस्तूंचे वेग एकमेकांशी जुळवणं म्हणजे गिअर बदलणं. लिव्हर हे फक्त शेवटचं सही करण्याचं काम.

मग प्रश्न येतो की आपण रोज गाडी चालवताना असलं काही जुळवत नाही, तरी गिअर पडतो कसा? त्याचं उत्तर गिअरबॉक्सच्या आत बसलेल्या पितळी रिंगमध्ये आहे. सिंक्रोमेश नावाची ही करामत १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने आपल्या गाड्यांत आणली. त्याआधी गिअर टाकणं म्हणजे खर्रर्र आवाजाची परीक्षाच होती. पुढे १९५२ मध्ये पोर्शेनं आपल्या ३५६ या गाडीत सगळ्या पुढच्या गिअर्सना सिंक्रोमेश दिला. तत्त्व साधं आहे. लिव्हर ढकलली की आधी एक शंकूच्या आकाराची रिंग गिअरच्या शंकूवर घासते. त्या घर्षणानं दोघांचे वेग समान होतात. वेग समान होईपर्यंत ती रिंग स्लीव्हची वाट अडवून धरते आणि वेग जुळला की वाट मोकळी करते. दात दातात बसतात. टक.

म्हणजे आपण लिव्हर ढकलतो तेव्हा हाताला जो किंचित अडथळा जाणवतो, ती रिंग आपल्याला म्हणत असते, "थांब रे बाबा, जुळवतेय!" आणि आपला हीरो काय करतो? दात-ओठ खाऊन लिव्हर आत ठोसतो. गिअर पडतो, त्याला वाटतं आपण जिंकलो. खरं म्हणजे त्या रिंगचा थोडा थर त्यानं खरवडून ऑइलमध्ये सोडलेला असतो. असं काही हजार वेळा झालं की एके दिवशी दुसरा गिअर खर्रर्र करायला लागतो, आणि मग गॅरेजवाला बिल काढतो. ते बिल वडिलांकडे जातं, हेही ओघानं आलंच.

बाइकवाल्या मित्रांसाठी एक गंमत सांगतो. तुमच्या बाइकमध्ये सिंक्रोमेश नसतोच. तिथे डॉग क्लच असतात : मोठे, मोजके, मोकळे दात, एकमेकांत धडकून बसणारे. म्हणून बाइकचा गिअर 'खट्ट' करून पडतो आणि म्हणूनच रेस किंचित सोडून क्लचशिवायही वरचा गिअर टाकता येतो. रेसिंगच्या गाड्यांतही असाच डॉग बॉक्स असतो. आता बाइकवर जे जमतं तेच काकांच्या गाडीवर करून बघायचा मोह अनेकांना होतो. दोन्ही यंत्रं वेगळी आहेत. एकाला धडक देण्यासाठीच बनवलंय, दुसर्‍याला जुळवून घेण्यासाठी.

आता फास्ट शिफ्टिंगच्या युक्त्यांकडे येऊ. त्यांची नावं आपण फार ऐकतो, अर्थ मात्र कमी जणांना माहीत असतो.

पहिली गोष्ट, लिव्हर कशी धरायची. मुठीत आवळायची नाही. बहुतेक गिअरबॉक्समध्ये लिव्हर स्प्रिंगमुळे आपोआप मधल्या रेषेत, म्हणजे तिसर्‍या-चौथ्याच्या रांगेत येऊन थांबते. दुसर्‍यातून तिसरा टाकताना लिव्हर बाहेर काढली की ती स्वतःच मध्ये येते, तुम्ही फक्त तळव्यानं सरळ पुढे ढकलायची. मूठ आवळून ओढाताण केली तर आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत लिव्हर अंगाकडे, म्हणजे उजवीकडे ओढली जाते आणि तिसर्‍याऐवजी पाचवा पडतो. इंजिन गुदमरतं, मागचे हॉर्न वाजवतात. चांगल्या ड्रायव्हरचा हात घाईत दिसत नाही. तो एकदा हलतो आणि नेमका हलतो, म्हणून वेळ वाचतो.

दुसरी गोष्ट, डबल क्लच. २००१ साली आलेल्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या सिनेमानं हा शब्द जगभरच्या पोरांच्या तोंडी बसवला. त्यात ड्रॅग रेसनंतर नायकाला ऐकवलं जातं की तू डबल क्लच करायला हवा होतास. ऐकायला झकास आहे, पण सरळ रेषेत वरचे गिअर टाकत पळणार्‍या, सिंक्रोमेश असलेल्या गाडीत डबल क्लचनं वेळ वाचत नाही, उलट जातो. कारण त्यात क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, परत दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. खाली येताना मधल्या न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची, म्हणजे गिअरबॉक्सचा आतला शाफ्टही इंजिनाबरोबर वर जातो.

हे तंत्र खरं ज्यांचं आहे त्यांच्याकडून शिकायचं तर हॉलिवूडला जायची गरज नाही. आमच्या गावाकडे जुना ट्रक चालवणारे एक काका होते. सुट्टीत त्यांच्या केबिनमध्ये बसून मी साखर कारखान्यापर्यंत अनेकदा गेलो आहे. त्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नव्हता. चढ आला की काका क्लच, न्यूट्रल, एक छोटी रेस, क्लच, गिअर हे सगळं बोलता बोलता करायचे. आरपीएम दाखवणारा काटा त्या ट्रकला नव्हताच. मी विचारलं, "काका, कळतं कसं?" ते म्हणाले, "इंजिन सांगतं की. तू गाणं बंद कर, म्हणजे तुला बी ऐकू येईल." पुढे थर्ड इयरला सरांनी फळ्यावर सिंक्रोनायझरची आकृती काढली तेव्हा मला काकांचा डावा पाय दिसत होता. हे लेखाचं शीर्षक म्हणजे त्यांचंच तत्त्वज्ञान आहे.

तिसरी गोष्ट, हील-अँड-टो. हे या सगळ्यातलं सर्वांत देखणं आणि सर्वांत गैरसमज झालेलं तंत्र आहे. वळणाआधी ब्रेक लावताय आणि त्याच वेळी खालचा गिअर हवाय. खालच्या गिअरसाठी आरपीएम वर न्यायचा, म्हणजे रेस द्यायची. पण उजवा पाय तर ब्रेकवर आहे! मग त्याच पायाच्या पुढच्या भागानं ब्रेक दाबून ठेवायचा आणि पाऊल किंचित कलतं करून बाहेरच्या कडेनं अ‍ॅक्सिलरेटरला एक ठोसा द्यायचा. डावा पाय क्लचवर, डावा हात लिव्हरवर. आणि मुख्य म्हणजे हे होत असताना ब्रेकवरचा दाब तसूभरही बदलता कामा नये. नाव टाच आणि चवड्याचं असलं तरी आजच्या बहुतेक गाड्यांत टाचेचा संबंध येत नाही, पेडल जवळजवळ असतात. आयर्टन सेन्ना जपानच्या सुझुका ट्रॅकवर होंडा एनएसएक्स चालवतानाचं जुनं चित्रण प्रसिद्ध आहे. साधे काळे लोफर घातलेले त्याचे पाय पेडलवर जे करतात ते बघा. वरचा माणूस शांत बसलेला आहे, खाली पाय तबलजीच्या बोटांसारखे चाललेत.

आणि हे सगळं कशासाठी? शायनिंगसाठी नाही. रेस न देता क्लच सोडला तर इंजिनाला वर ओढण्याचं काम चाकांवर पडतं. चाकांना एकदम झटका बसतो. मागची चाकं चालवणार्‍या गाडीत, वळणाच्या तोंडावर, आधीच ब्रेकमुळे मागचा भार हलका झालेला असताना हा झटका बसला की मागचं टायर पकड सोडतं आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणजे हील-अँड-टोचं खरं काम गाडी स्थिर ठेवण्याचं आहे. वेळ वाचतो तो त्या स्थिरतेचं व्याज म्हणून. मुद्दल विसरून व्याजाच्या मागे लागू नका, एवढंच माझं म्हणणं.

चौथी, फ्लॅट शिफ्ट. रेस पूर्ण दाबलेली ठेवायची, फक्त क्लच झटक्यात दाबून गिअर टाकायचा. ड्रॅग रेसमध्ये खास तयार केलेल्या गाड्यांवर हे करतात, आणि ते करणार्‍यांना क्लच प्लेट, गिअरबॉक्स या गोष्टी बदलाव्या लागतील हे आधीपासून मान्य असतं. आपल्याकडे पोरं हे ईएमआय चालू असलेल्या गाडीवर करतात. यावर अधिक काय लिहू?

चुकीच्या घाईचं सगळ्यात महाग उदाहरण मात्र सांगायलाच हवं. वरच्याच गाडीत पाचव्या गिअरमध्ये ३६०० आरपीएमवर आहात. चौथा टाकायचाय, म्हणजे इंजिन ४५०० वर जाईल, काही अडचण नाही. पण घाईत लिव्हर डावीकडे जास्त ढकलली गेली आणि चौथ्याऐवजी दुसरा पडला. क्लच सोडला. आता हिशेब करा : ३६०० गुणिले १.९ भागिले ०.८, म्हणजे ८५५०. रेडलाइन ६५०० ची. "अरे पण रेव्ह लिमिटर असतो ना!" असतो. पण तो फक्त इंधन तोडतो. इथे इंजिनाला फिरवतंय कोण? चाकं! इंधन तोडून चाकं थांबत नाहीत. व्हॉल्व्हच्या स्प्रिंग एवढ्या वेगात व्हॉल्व्ह वेळेवर बंद करू शकत नाहीत, पिस्टन वर येतो आणि उघड्या व्हॉल्व्हला भेटतो. ही भेट शेवटची असते. इंग्रजीत या प्रकाराला 'मनी शिफ्ट' म्हणतात. अर्ध्या सेकंदात लाखोंचा चुराडा होतो म्हणून हे नाव.

आता कोणी म्हणेल, रेसमध्ये तर सेकंदाच्या दशांशावर सगळं ठरतं, मग हाताच्या वेगाला किंमत नाही कशी? आहे की. पण ती किती, हे दोन शर्यती सांगतात. १९९१ ची ब्राझीलची ग्रां प्री. सेन्नाच्या मॅक्लारेनचा गिअरबॉक्स शर्यतीत खराब होत गेला आणि शेवटच्या फेर्‍या त्यानं एकट्या सहाव्या गिअरमध्ये काढल्या. तरी तो जिंकला, मायदेशात पहिल्यांदा जिंकला, आणि इतका थकला होता की गाडीतून बाहेर यायला मदत लागली. दुसरी, १९९४ ची स्पेनची शर्यत. मायकेल शूमाकरची बेनेटन पाचव्या गिअरमध्ये अडकली. त्यानं पिट स्टॉपसुद्धा त्याच गिअरमध्ये केला आणि दुसरा आला. जगातले दोन सर्वोत्तम ड्रायव्हर, आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कामगिर्‍यांपैकी दोन अशा, की जिथे गिअर बदलताच येत नव्हता! त्यांनी वळणावरची रेषा बदलली, ब्रेकची जागा बदलली, इंजिनाला बंद पडू दिलं नाही. म्हणजे यंत्र काय मागतंय ते ऐकलं. परत कानच!

आता माझ्या विरोधातला सगळ्यात दमदार मुद्दा मीच मांडतो, म्हणजे कट्ट्यावर पुन्हा ऐकायला नको. मुद्दा असा : यंत्र माणसापेक्षा फास्ट गिअर टाकतं, मग हे सगळं शिकायचं कशाला? खरं आहे. १९८९ साली ब्राझीलमध्ये नायजेल मॅन्सेलनं फेरारी ६४० जिंकून दाखवली. स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर बदलणारी ती पहिली फॉर्म्युला वन विजेती गाडी. सेन्नाची १९९१ ची गाडी ही हातानं गिअर टाकून जगज्जेतेपद मिळवणारी शेवटची ठरली. २००३ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ आर-३२ मध्ये डीएसजी आणला. त्यात दोन क्लच असतात. एक गिअर चालू असतानाच पुढचा गिअर दुसर्‍या क्लचवर तयार असतो, त्यामुळे फक्त एक क्लच सोडून दुसरा धरायचा. माणसाला अर्धा सेकंद लागतो तिथे याचं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. शिवाय इलेक्ट्रिक गाड्यांना तर बहुधा एकच गिअर असतो. वादच मिटला.

मग पोर्शेनं काय केलं ते बघा. २०१३ ची ९११ जीटी-३ त्यांनी फक्त दोन क्लचच्या पीडीके गिअरबॉक्ससह आणली. ती जास्त वेगवान होती. तरी लोक कुरकुरले. २०१६ मध्ये ९११ आर ही फक्त मॅन्युअल गाडी मोजक्या संख्येत काढली, त्यावर उड्या पडल्या, आणि २०१७ मध्ये जीटी-३ मध्येही सहा गिअरचा मॅन्युअल परत आला. टोयोटानंही २०१९ ला फक्त ऑटोमॅटिक आणलेल्या सुप्राला २०२२ मध्ये मॅन्युअल दिला. म्हणजे ज्यांना परवडतं ते जाणूनबुजून हळू गिअरबॉक्स विकत घेतात! का? कारण त्यांना मिलिसेकंद नकोत, सहभाग हवाय.

माझ्या मते मॅन्युअलचं समर्थन करायचं तर असंच प्रामाणिकपणे करावं. 'मॅन्युअल फास्ट असतं' ही थाप आहे, ती मारू नये. मॅन्युअल शिकवतं, हे खरं आहे. जडत्व, घर्षण, टॉर्क, भाराचं पुढे-मागे सरकणं हे सगळं जे आपण परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्समधून पाठ करतो, ते या एका लिव्हरमधून तळव्याला जाणवतं. इतकं स्वस्त लॅब दुसरं नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. हे सगळं ट्रॅकवर. रस्त्यावर नाही.

"सर लोक सांगतात तसं बोलायला लागला," असं म्हणू नका. पुन्हा गणितच घ्या. गिअर टाकताना गाडी थांबत नसते, फक्त तिचा वेग वाढायचा थांबतो. गाडीचं त्वरण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं आणि तुम्ही ०.३ सेकंद वाचवले, तर तुमची कमाई ताशी सव्वातीन किलोमीटर. होस्टेलपासून शहरात जाईपर्यंत पन्नास वेळा गिअर बदलला आणि दरवेळी पूर्ण ०.३ सेकंद वाचवले, तर उदार मनानं धरून १५ सेकंद. ते पहिल्याच सिग्नलला वसूल होतात.

आणि धोका किती? घर्षणांक ०.७ धरा, ड्रायव्हरला सावध व्हायला एक सेकंद धरा. ताशी ६० नं जाणारी गाडी समोर काही दिसल्यापासून सुमारे ३७ मीटरमध्ये थांबते. ताशी ८० ची गाडी थांबायला सुमारे ५८ मीटर घेते. इथपर्यंत सगळ्यांना येतं. आता पुढचं काढा : पहिली गाडी जिथे थांबली, त्याच ३७ मीटरच्या खुणेवर दुसरी गाडी किती वेगात असेल? मी जेव्हा पहिल्यांदा हे काढलं तेव्हा आकडा चुकला असेल म्हणून परत केलं. उत्तर येतं ताशी सुमारे ६१ किलोमीटर. म्हणजे फक्त २० नं जास्त वेग, आणि एक गाडी थांबलेली असताना दुसरी अजून साठच्या वर. त्या खुणेवर रात्री टपरीवरून परतणारा आपल्याच मेसमधला मुलगा असू शकतो. पेनातला हा आकडा प्रत्येकानं एकदा स्वतःच्या हातानं काढावा, एवढी माझी विनंती आहे.

रस्त्यावर या तंत्राचा खरा उपयोग एकाच ठिकाणी आहे, आणि तिथे आपण नेमकं उलटं करतो : घाटात. उतारावर पेट्रोल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रल मारून सोडणारे कितीतरी आहेत. इंधन इंजेक्शनच्या गाडीत हे गणितच चूक आहे. गाडी गिअरमध्ये असताना रेस सोडली की उतारावर इंजेक्टर इंधन बंद करतो, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे बचत तर नाहीच, वर इंजिनाचं ब्रेकिंग गेलं. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम म्हणूनच आहे. बोरघाट असो की आंबा घाट, उतार लागायच्या आधी खालचा गिअर टाकताना एक हलकी रेस देऊन आरपीएम जुळवा. गाडीत मागे झोपलेल्या आजीची मान हलली नाही, तर समजा जमलं. माझ्या दृष्टीनं ती मान हीच फास्ट शिफ्टिंगची परीक्षा, स्टॉपवॉच नव्हे.

शेवटी आपल्या कॉलेजबद्दल दोन शब्द, कारण फुकटचे उपदेश देऊन पळून जाणं बरं नाही. २००७ पासून बाहा आणि २०११ पासून सुप्रा अशा एसएईइंडियाच्या स्पर्धा देशात होतात. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ही खरी गाडी पळवायची ठिकाणं आहेत. तिथे हेल्मेट असतं, मार्शल असतात, समोरून येणारी एसटी नसते. ज्यांच्या अंगात खरंच रग आहे त्यांनी कॉलेजच्या टीममध्ये यावं. आधी वेल्डिंगला धरावं लागेल, हात काळे होतील, मग कधीतरी सीटवर बसायला मिळेल. ज्याला एवढा धीर नाही त्याला वेगाची आवड नाही, प्रेक्षकांची आवड आहे.

आणि सरांना एक नम्र विनंती. लॅबमध्ये कापलेला गिअरबॉक्स ठेवला आहे. रंगही छान दिलाय. पण त्यावर 'हात लावू नये' अशी पाटी आहे. ती पाटी काढा. मुलांना लिव्हर ढकलू द्या, रिंग कशी अडवते ते बोटांना कळू द्या. आउटपुट शाफ्ट हातानं फिरवत गिअर टाकायला सांगा. बंद उभ्या गाडीत पेडलवर पाय ठेवून हील-अँड-टोचा सराव करायला काय खर्च आहे? एक प्रॅक्टिकल असं असू द्या की ज्यात जर्नल लिहायचं नाही, फक्त ऐकायचं. रस्त्यावर जाऊन जे पोरं जीवावर उदार होऊन शोधतात, ते शेडमध्ये जीव न घालवता सापडलं तर त्यातली निम्मी तरी रस्त्यावर जायची थांबतील, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बाकी कट्ट्यावर वाद चालू राहीलच, आणि राहावा. फक्त पुढच्या वेळी कोणी म्हणालं की त्याचा हात दिसत नाही, तर त्याला एकच विचारा, "हात राहू दे, खालचा गिअर टाकताना झटका बसतो का?" बसत असेल, तर त्याला अजून गाडी येत नाही. आणि हे त्याला चहा पाजून सांगा, नाहीतर तो ऐकणार नाही.